थाळ्यातला हात

मला जे झालं होतं त्याला आमच्या मोहल्ल्यात 'गॅस' म्हणतात. छातीत जळजळलं तर गॅस. पाठीत कळ आली तर गॅस. ढेकर आला तर गॅस, आणि नाही आला तर अडकलेला गॅस. भिवंडीत टपरीवर चहा मिळतो आणि शेजारच्या पानवाल्याकडे गॅसची पुडी, त्यामुळे या दुखण्यासाठी सहसा कुणी डॉक्टरकडे जात नाही. मीही गेलो नाही. त्यात वर्ष-दीड वर्ष गेलं.

आता बरा झाल्यावर हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कशावर कुठली गोळी घ्यावी हे यात सापडणार नाही. पण जुनं अपचन भरल्या घरात कसं लपून राहतं हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे, आधी लपवणारा म्हणून आणि नंतर बघणारा म्हणून. तेवढंच सांगतो.

आमचं घर

आम्ही कोकणी मुसलमान. आजोबांपासून भिवंडीत कापडाचे माग चालवतो. आता कारखाना आम्हा दोन भावांचा आहे. थोरले हनीफभाई, त्यांना मी नुसतं 'भाई' म्हणतो. ते माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, म्हणजे अब्बांच्या जागीच. कारागीर, माग आणि व्यापारी भाई बघतात. माझ्याकडे वजनं. किती सूत आलं, किती कापड गेलं आणि मधली घट कुठे गेली, हे शोधणं माझं काम. घट दोन टक्क्यांच्या वर गेली की मला चैन पडत नाही.

घरात अम्मा, भाई-भाभी, मी आणि माझी बायको नजमा, आणि दोघांची मुलं. चूल एक. पुरुष आणि मुलगे एका थाळ्यात जेवतात, बायका आणि मुली दुसऱ्या. कल्हई केलेला तांब्याचा मोठा थाळा जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाच्या मधोमध ठेवतात. भाताचा ढीग, त्यावर सालन म्हणजे कालवण, कडेला तांदळाच्या रोट्या. ज्याने त्याने आपल्या समोरून खायचं. वेगळं ताट आमच्यात पाहुण्यालाही देत नाहीत.

थाळ्याचे काही नियम आहेत. जेवण सोडून मधेच उठायचं नाही. 'नको' म्हणायचं नाही, कारण मग वाढणारी दुखावते. आणि सगळ्यात कडक नियम थोरल्यांसाठी आहे. लहानांचं पोट भरेपर्यंत थोरल्याने हात थांबवायचा नाही. थोरल्याने हात आवरला की लहान लाजून उठतात, अर्धपोटी राहतात. अब्बांनी हा नियम अखेरपर्यंत पाळला. शेवटच्या वर्षी ते एकेक शीत गोळा करत बसून राहायचे. दातांमुळे, असं आम्हाला वाटायचं. अब्बा पोटाच्या दुखण्याने गेले. त्या दुखण्याचं नाव कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

चार घासांचा माणूस

माझं सुरू झालं ते चार घासांत पोट भरण्यापासून. भूक लागायची, वास चांगला यायचा, बसायचो, आणि पाचव्या घासाला वाटायचं की गळ्यापर्यंत भरलो आहे. बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं. ढेकर यायचे ते नासक्या अंड्याच्या वासाचे. पुढे पुढे उलटी होऊ लागली, आणि तिच्यात आदल्या दिवशीचं खाणं दिसायचं. मंगळवारचा वाटाणा बुधवारी संध्याकाळी जसाच्या तसा. हे लक्षण साधं नाही, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मी इतकाच हिशेब केला की वाटाणा पचायला जड असतो, आणि वाटाणा सोडला.

मग मसूर सोडली, मग मटण सोडलं. सोडलं म्हणजे काय, तर थाळ्यातून उचलून पुतण्याच्या समोर सरकवलं. एका थाळ्यात कुणी किती खाल्लं हे कुणालाच कळत नाही. वेगळ्या ताटात उरलेलं दिसतं. थाळ्यात उरलेलं सगळ्यांचं असतं.

मी काय काय करायचो ते लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी कुणीतरी आज हेच करत असेल. रोटीचे बारीक तुकडे करायचो आणि ते सालनात भिजू द्यायचो. मुलांना मासळीचे काटे काढून द्यायचो, एकामागून एक. पाण्याचा तांब्या आणायला स्वतः उठायचो. आणि बोलायचो. त्या वर्षात मी आमच्या घरातला सगळ्यात बोलका माणूस झालो. कुठल्या बाजारात कुठल्या कापडाची मागणी आहे, कोन गावच्या नाक्यावर कंटेनर कसा आडवा झाला, काहीही. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात, हाताकडे नाही.

नजमा बायकांच्या थाळ्याला बसायची, त्यामुळे तिला दिसत नव्हतं. तिने एकदा फक्त माझ्या शर्टाच्या कॉलरमध्ये बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "कॉलर सैल कशी झाली ओ?"

"धुऊन धुऊन."

"कापड धुऊन आटतं, सैल होत नाय. कापडवाल्यालाच शिकवू?"

मी विषय बदलला.

काटा

आमच्या कारखान्यात सूत मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. माल उतरायच्या आधी तो बरोबर आहे ना, हे बघायची माझी एक पद्धत होती. मी स्वतः त्यावर उभा राहायचो. लग्नानंतर माझं वजन एकाहत्तर किलोवर गेलं आणि तिथेच थांबलं. वर्षानुवर्षं एकाहत्तर. म्हणून काट्याने एकाहत्तर दाखवलं की काटा ठीक, मग गोण्या चढवायच्या.

एके दिवशी त्याने अडुसष्ट दाखवलं. मी भाईंना सांगितलं, काटा उतरलाय. पुढे चौसष्ट आलं तेव्हा मी काटा दुरुस्त करणाऱ्याला बोलवायला सांगितलं. मी दुखण्याकडे कसा बघत होतो हे यावरून कळेल. काटा कमी दाखवत असता तर गोण्याही कमी भरल्या असत्या. त्या बरोबर भरत होत्या. कमी भरत होतो फक्त मी. आयुष्यभर घट शोधणाऱ्या माणसाला ही साधी गोष्ट दिसली नाही.

काटेवाला आला. त्याने आपली लोखंडी वजनं एकावर एक ठेवली. काट्याने बरोबर तितकाच आकडा दाखवला. त्याने वजनं काढून परत ठेवली, कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. तोच आकडा.

"काटा एकदम बरोबर हाय, शेट," तो म्हणाला. "बोलावलात कशाला?"

मी परत चढलो. एकसष्ट.

आमचा जुना कारागीर रामसमुझ मागाजवळून बघत होता. मागांच्या आवाजात त्याला ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. "काँटा सही है, सेठ। आप ही घट गए हो।"

तो हसला. मीही हसलो. खाली उतरलो आणि सुताच्या गोणीवर बसलो. एकाहत्तरमधून एकसष्ट गेले. दहा किलो, म्हणजे चौदा टक्के. सुतात इतकी घट आली असती तर मी माग बंद करून चोर शोधला असता.

अब्बांचं शेवटचं वर्ष मला त्या गोणीवर बसल्या बसल्या आठवलं. त्याआधी ते कधी आठवलं नव्हतं असं नाही. पण माझ्या संदर्भात मी ते आठवू दिलं नव्हतं. काटेवाला आपली वजनं पेटीत भरत होता, आणि मी मनात एकच शब्द धरून बसलो होतो. तो शब्द आमच्या घरात उच्चारत नाहीत. 'ती बीमारी' म्हणतात.

कल्याण

कल्याणला एका पोटाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बरोबर नजमा. भाईंना सांगितलं नव्हतं. कोनपासून पुढे ट्रॅफिक तुंबलेला. रिक्षात तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?" मी खरं सांगितलं. ती बाहेर बघत राहिली.

डॉक्टरबाईंनी खूप प्रश्न विचारले. किती खाता? मला सांगता येईना. भात किती, रोट्या किती, मी कधी मोजलंच नव्हतं. "एका थाळ्यात जेवतो," मी म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही जेवत नाही, हे घरात कुणालाच माहीत नाही?"

नजमाने मान खाली घातली. तो दोष तिचा नव्हता, पण तिने तो घेतला. मला आजारापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपी. घशात कडू फवारा मारतात, जीभ लाकडासारखी होते. कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकची कडी दिली. नळी आत जाताना वाटतं की आता श्वास जाणार, पण जात नाही. सिस्टरने खांद्यावर हात ठेवला होता आणि ती सारखी म्हणत होती, "नाकाने श्वास घ्या काका, झालंच, नाकाने." झालंच नव्हतं. पण तिचा हात शेवटपर्यंत निघाला नाही, म्हणून मी टिकलो. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना सांगतो, भीतीच्या मानाने त्रास कमी आहे. भीती मात्र खरी असते, तिला नावं ठेवू नका.

पोटातून अन्न पुढे जायच्या वाटेच्या तोंडाशी मोठा व्रण होता. तो भरत, चिघळत, परत भरत ती वाट अरुंद झाली होती. उपाशी असूनही पोटात आधीचं अन्न पडून होतं. व्रणाच्या कडेचे तुकडे तपासायला पाठवले. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणी काही सांगणार नव्हतं. मला तिथेच भरती केलं.

वॉर्ड

नाकातून नळी पोटात घातली, पोट रिकामं करायला. हाताला सलाईन. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. सकाळी सहाला ताप-बीपी, मग झाडणारी बाई, मग डॉक्टरांची फेरी, मग नळीतून किती निघालं ते मोजून लिहिणं. ते मोजमाप बघायला मला बरं वाटायचं. आकडा रोज कमी व्हायचा.

बाजूच्या खाटेवर दिघाशी गावचे एक वृद्ध शेतकरी होते, हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमचा काय हाय?"

"पोट."

"माझापन पोटच. माझा बाहेर येत व्हता, तुमचा?"

"माझ्यात काही आत जात नाही."

"मंग आपन दोघं मिलून एक बरा मानूस हाव," ते म्हणाले, आणि हसू आलं तसे टाके धरून कण्हले.

त्यांना पेज सुरू झाली तेव्हा त्यांची सून वाटी घेऊन आली. त्यांनी तिला हातानेच थांबवलं आणि मधला पडदा ओढायला लावला. "त्यांना न्हाय भेटत ना खायाला. त्यांच्यासमोर नको." त्यानंतर ते प्रत्येक वेळी पडदा ओढून जेवले. वाटी-चमचाही जपून वाजवायचे. मला तसा काही फरक पडत नव्हता. पण इतके महिने मी लोकांसमोर जेवल्याचं सोंग करत होतो, आणि इथे एक अनोळखी माणूस माझ्यासाठी लपून जेवत होता.

भाईंना तिसऱ्या माणसाकडून कळलं. ते डबा घेऊनच आले. तांदळाचं सांदण आणि मटणाचं सालन, भाभीने केलेलं. नाकातली नळी बघून दारातच थांबले.

"मना का नाय सांगितला?"

"सांगणार होतो."

"कवा? जनाज्याच्या वेळी?" मग डबा खाटेखाली ठेवून ते बाजूला बसले. बराच वेळ माझा पाय दाबत राहिले. भाईंनी माझे पाय दाबावे हे मला बघवेना, पण काढून घ्यायची ताकद नव्हती. जाताना म्हणाले, "अब्बांसारखा नसेल. तू बारीक हायस लहानपणापासून." मी लहानपणी बारीक नव्हतो.

रिपोर्ट आला त्या सकाळी डॉक्टरबाईंनी आधी चेहऱ्यानेच सांगितलं. ती बीमारी नव्हती. पोटात एक जंतू असतो, वर्षानुवर्षं राहतो, त्याने व्रण झाला होता. गोळ्यांनी जंतू जाईल, आणि अरुंद वाट फुगा घालून रुंद करता येईल. नजमा उभी होती, ती खाली बसली. मी बाईंना विचारलं, खात्री किती टक्के? त्या म्हणाल्या, "याबाबतीत रिपोर्ट स्पष्ट आहे." मी ते दोनदा म्हणवून घेतलं.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. हा जंतू एका घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुढे त्यातून ती बीमारीही होऊ शकते, आणि तुमच्या वडिलांचा इतिहास आहे. घरात ज्यांना पोटाची तक्रार असेल त्यांनी तपासून घ्यावं.

हे मी भाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हात झटकला. "मना काय धाड भरलीय? दगड पचवतो मी."

वेगळं ताट

फुग्याने वाट रुंद करून घरी आलो ते वेगळं ताट घेऊन. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, मोजून, मऊ. एक वाटी भात, अर्धी वाटी वरण, तेवढंच. किती खाल्लं ते सांगता यायला हवं, अशी बाईंची सक्त सूचना होती. खाली मांडी घालून बसलं की पोट दाबलं जायचं, म्हणून भिंतीशी एक खुर्ची आणि स्टूल.

हे आजारपणातलं सगळ्यात अवघड काम ठरेल असं वाटलं नव्हतं. आमच्यात दोन भावांची ताटं वेगळी होणं म्हणजे चुली वेगळ्या होणं, आणि चुली वेगळ्या म्हणजे माग वेगळे. आठवड्यात मोहल्ल्यात बातमी पसरली. सुताच्या दलालाने मला हळूच विचारलं, "आता माल कुणाच्या नावाने पाठवू?" अम्मा दस्तरखान घालताना माझी जागा रिकामी ठेवू लागली. तिथे कुणी मूल बसलं की त्याला उठवायची.

भाई उघड चिडले. "आमच्या हाताला काय लागलाय? घाण हाय आमची?"

"भाई, औषध आहे ते. मोजून खायचं आहे."

"मोजून सूत घेतात. भावाच्या घरात मोजून खात नाय."

मी जंतूचं समजावलं, आणि ती चूक झाली. ते थाळ्यावरून न उठता म्हणाले, "ऐका रे पोरांनो, तुमच्या चाच्याला आपल्यापासून जपायचा हाय." पोरं हसली. मी खुर्चीत वरण-भात ढवळत बसलो. बरं झालेल्या माणसाला इतकं एकटं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

खुर्चीवरून

खुर्ची उंच होती. थाळ्यात बसलेल्याला थाळा दिसत नाही, फक्त आपल्या समोरचा भाग दिसतो. मला वरून सगळे हात दिसायचे.

मुलांचे हात थाळ्यातून तोंडाकडे जायचे आणि परत यायचे. भाईंचा हात थाळ्यातच फिरायचा. रोटीचे तुकडे करायचा. ते सालनात भिजायचे. काटे काढलेली मासळी मुलांच्या समोर जायची. अधूनमधून हात वर जायचा, तोंडाजवळ थांबायचा, आणि बोलणं सुरू व्हायचं. भाई तेव्हा खूप बोलत होते. पाण्याचा तांब्या आणायला तेच उठत होते. शेवटी सगळे तृप्त झाले की ते समोरची शितं एकेक करून गोळा करायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, मी आपलंच दुखणं दुसऱ्यावर बघतो आहे. म्हणून घाईने बोललो नाही. अनेक जेवणं नीट पाहिली. दुपारची, संध्याकाळची, जुम्म्याच्या बिर्याणीची सुद्धा. चार घास. कधी पाच.

आता मला त्यांचा राग कळला. माझं वेगळं ताट म्हणजे त्यांच्यापुढे मांडलेला प्रश्न होता. आणि अब्बा दातांमुळे शितं वेचत नव्हते, हेही त्या खुर्चीवर बसून कळलं.

शुक्रवारी माग बंद असतात. इतर दिवशी कारखान्यात कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, शुक्रवारी पाल चुकचुकली तरी ऐकू येते. नमाजेनंतर भाई तेलपाणी बघायला गेले, मी मागोमाग.

"भाई, तुमी जेवत नाय."

"काय?"

"तुमी जेवत नाय. हात फिरवता."

ते मागाच्या सांध्यांवर तेल सोडत राहिले. मग म्हणाले, "खुर्चीवर बसवला म्हणून थानेदार झालास काय?"

"रोटी भिजवता. काटे काढून पोरांना देता. मीपण तेच करायचो."

तेलाची बुधली त्यांनी खाली ठेवली. "कवापासून बघतोस?"

"पुष्कळ दिस झाले. तुमचा कवापासून?"

"तू कल्याणला होतास त्याच्या आधीपासून." त्यांनी फडक्याने एकेक बोट पुसलं. "घरात एक बीमार पुरे. दोघं पडलो तर माग कोण बघेल? आणि थाळ्यावर माझा हात थांबला तर पोरं उठतील."

"उठू दे."

"अब्बा नाय उठले."

"अब्बा गेले, भाई."

त्यांनी बुधलीला बूच लावलं. मग विचारलं, "ती नळी घालताना लय त्रास होतो काय?"

भाईंचा रिपोर्ट

भाईंच्या एंडोस्कोपीच्या वेळी त्यांच्या खांद्यावर हात कुणी ठेवला ते मला माहीत नाही, मी बाहेर होतो. त्यांची टोपी, घड्याळ आणि चष्मा माझ्या मांडीवर होते. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही, आणि त्यावरूनच कळलं.

तुकड्यांच्या रिपोर्टात भाईंना ती बीमारी निघाली. मी इथे नाव लिहितो, कारण नाव न घेण्याचा आमच्या घराला काही फायदा झाला नाही. पोटाचा कॅन्सर. पोटाबाहेर पसरलेला दिसत नव्हता. मुंबईत ऑपरेशन झालं, पोटाचा बराचसा भाग काढला. आणखी उशीर झाला असता तर ऑपरेशनला अर्थ राहिला नसता, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. पुढची औषधं चालू आहेत. पूर्ण बरे होतील की नाही हे कुणी लिहून देत नाही, आणि मी आता टक्के विचारत नाही. घरातल्या बाकी सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. अम्माने सुद्धा केली, कुरकुर न करता.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. लक्षणांची यादी डॉक्टर देतील. चार घासांत पोट भरणं, कालचं अन्न आज उलटून पडणं, कारण नसताना वजन उतरणं, काळी शी होणं, यातलं काही असेल तर पुडी घेऊ नका, जाऊन तपासा. पण आजारी माणूस हे स्वतः सांगेलच असं धरू नका. आपल्याकडे प्रेमाच्या माणसासमोर न जेवणं हा गुन्हा समजतात, त्यामुळे तो शेवटपर्यंत जेवल्यासारखं करेल. तुमच्या घरात जेवताना एकाएकी कोण बोलका झालाय ते बघा. कोण दुसऱ्यांनाच वाढतोय ते बघा. तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा.

ऑपरेशननंतर भाईंना तोंडाने खायला द्यायची परवानगी मिळाली तेव्हा मी त्यांच्याजवळ होतो. सिस्टरने भाताची गाळलेली पेज दिली होती, छोट्या वाटीत. भाभी बाहेर अम्माशी फोनवर बोलत होती. भाईंच्या उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून चमचा माझ्या हातात होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना भरवत होतो. एक चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी वेळ घेतला. चौथा मी तोंडाजवळ नेला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. सवयीने ओठ उघडले, मग मिटले.

"बस," भाई म्हणाले. "नको मना."

मी चमचा वाटीत ठेवला, आणि वाटी बाजूला.